किटबोक नाही म्हणतो

शिलाँग, मावलाई
६ सप्टेंबर १९८८

काँग फिदा, खुब्लेई.

मधाची बाटली पोचली. पानांची जुडीही पोचली, त्यातली निम्मी बसच्या ड्रायव्हरने वाटेतच चघळली असावी, पण असो. भावाला साखरेचा आजार आहे हे ठाऊक असून तुम्ही मध धाडता, यावर मी काही बोलत नाही. मीच खाल्ला.

तुमच्या भावाच्या पायाचं लिहिते. बुटातला खिळा तळव्यात घुसला आणि साखरेने पाय बधिर झालेला, म्हणून या बाबाला पत्ताच नाही. रक्ताने भरलेला मोजा मी पाहिला तेव्हा कळलं. आता अंगठा कोळशासारखा काळा झालाय आणि काळेपणा वर सरकतोय. डॉक्टर फुकन म्हणतात, गुडघ्याखालून कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर चढेल आणि माणूस जाईल. इस्पितळात त्याला मी भरती केलंच आहे. आधी तो म्हणायचा, "बघू." मग बाजाराच्या दिवशी तुम्ही भेटायला आलात. मी चहा आणायला खाली गेले, परत आले तर तुम्ही दोघं गप्प. त्या संध्याकाळपासून तो "बघू" म्हणत नाही, "नाही" म्हणतो. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "फिदाला विचार. आईच्या घरचा कौल आहे."

म्हणून विचारते. काय सांगितलंत तुम्ही त्याला?

लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला काँग, थोरली ताई, म्हणत आले, तुमच्या घरच्या गोष्टीत मी कधी नाक खुपसलं नाही. तुमच्या घरात तो मामा आहे, म्हणजे कुळाचा कर्ता, त्याच्या शब्दावाचून तिकडे पान हलत नाही. माझ्या घरात तो पोरींचा बाप, म्हणजे ज्याच्याशी भांडायचं तो. हे मला मान्यच आहे. पण पाय सडतोय तो माझ्या डोळ्यांसमोर.

रिल्डा


लाइतरिआंग
१३ सप्टेंबर

रिल्डा,

मध तूच खाल्लास हे बरं केलंस. थोडा जिभेवर राहिला असता तर पत्र जरा गोड झालं असतं.

मी काय सांगितलं ते विचारतेस. डुकरीण व्याली ते सांगितलं. झऱ्याच्या पलीकडचा सुपारीचा बाग वाऱ्याने झोपला ते सांगितलं. सुक्या मासळीचं तुंगताप वाटून आणलं होतं, ते त्याने चाटून खाल्लं आणि तुझ्या हातच्या सुक्या मासळीला चव नाही म्हणाला. यापलीकडे मी बोलले नाही. जे बोलला ते तो बोलला, आणि ते ऐकून मला बसमध्ये घरापर्यंत रडू आवरलं नाही.

चहा आणायला तुला मी पाठवलं नव्हतं, त्याने पाठवलं. तुझ्यासमोर बोलता येणार नाही असं काही त्याच्या मनात होतं म्हणूनच ना? एका पायाचा नवरा कुणाच्या घराला जड होणार आहे, हे माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. आणि वर मलाच विचारतेस! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तुला अडचण असेल तर सरळ लिही. आईच्या घराचं दार भावाला कधी बंद नसतं.

फिदालिया


शिलाँग
१८ सप्टेंबर

काँग फिदा,

कुणाला अडचण? कसली? तुमचं पत्र मी माझ्या बहिणीला वाचून दाखवलं, तीही म्हणाली, यांना म्हणायचं काय आहे? आडून आडून बोलण्यापेक्षा समोरून दगड मारा, निदान कुठे लागला ते तरी कळेल.

मीच समोरून बोलते. तुम्ही घरात अंडी फोडलीत. टरफलं कशी पडली ते पाहून कौल घेतलात आणि तो वाईट आला. "कापलंस तर त्याच दिवशी मरशील," असा निरोप घेऊन तुम्ही बाजाराच्या दिवशी आलात. हे मला तुमच्या भावाने सांगितलंय, त्याच्या तोंडाने. मी येशूच्या देवळात जाणारी बाई, मला अंडी तव्यावर कळतात, बाकी कळत नाहीत. तरी तुमच्या चालीरीतींना मी आजवर नावं ठेवली नाहीत. तो माझ्याबरोबर रविवारी येऊन मागच्या बाकावर डुलक्या काढतो, बाप्तिस्म्याचं पाणी काही शिंपून घेत नाही, आणि मी कधी जबरदस्ती केली नाही. हेच तुम्हाला सलतं का? तो म्हातारपणी माझ्याकडचा होईल, आमच्या दफनभूमीत जाईल, आणि तुमच्या कुळाची चितेतली हाडं ठेवतात त्या दगडाखाली एक माणूस कमी पडेल, ही भीती आहे का? म्हणून तो अख्खा पाहिजे तुम्हाला? पाय इस्पितळाच्या भट्टीत गेला तर दगडाखाली हाडं अपुरी जातील म्हणून?

वाईट लिहिते आहे, मला कळतंय. पण रात्रंदिवस त्या वासात बसलेली बाई चांगलं कुठून लिहिणार? काळेपणा आता घोट्याच्या वर आहे. डॉक्टरांना मी म्हटलं, झोपेचं इंजेक्शन द्या आणि कापून टाका, शुद्धीवर आला की शिव्या मी खाईन. ते म्हणाले, "बाई, माणूस पूर्ण शुद्धीत आहे आणि नाही म्हणतोय. त्याच्या अंगाला मी सुरी लावली तर मी डॉक्टर राहत नाही." कालच्या पोराने मला शिकवावं!

तुम्ही एक चिठ्ठी लिहा त्याला. कौल बदलला म्हणून लिहा. खोटं लिहा. देव, माझा आणि तुमचा, दोघं मिळून माफ करतील.

रिल्डा


लाइतरिआंग
२३ सप्टेंबर

रिल्डा,

कुठली अंडी?

आई गेल्यापासून या घरात कौलासाठी अंडं फुटलेलं नाही. ते वाचणारा आमच्या गावात एकच म्हातारा होता, तोही गेला. आमच्या कोंबड्यांची अंडी पाहुणे खातात, आणि पाहुणे कमी पडले तर मुंगूस. मी कसलाही कौल घेतला नाही, कसलाही निरोप आणला नाही. माझ्या आईची शपथ.

आता तू ऐक. तू चहाला गेलीस तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "फिदा, रिल्डाला हे ऑपरेशन नको आहे. बहिणीशी बोलताना मी ऐकलं. एका पायाच्या माणसाला मोरीपर्यंत कोण नेणार, असं म्हणत होती. तिला तसं काही दाखवू नकोस, तिचंही वय झालं." असं म्हणाला आणि डोळे पुसले. पुसण्याइतकं पाणी होतं की नाही ते मी आता आठवून बघते आहे.

तू असं म्हणालीस का? खरं लिही. म्हणाली असलीस तरी मी समजून घेईन. थकलेली बाई काहीही बोलते.

फिदा


शिलाँग
२७ सप्टेंबर

काँग फिदा,

मी असं बोलले नाही. माझ्या पोरींची शपथ.

तुमचं पत्र वाचून आधी मला वाटलं, तुम्हीच खोटं बोलताय. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. म्हणून मी परीक्षा घेतली. त्याला भात भरवताना सहज म्हटलं, "अहो, फिदाचं पत्र आलंय. तिने पुन्हा अंडी फोडली. या वेळी कौल चांगला आला म्हणते." तुमचा भाऊ! घास गिळला, पाणी प्यायला, आणि पापणी न लवता म्हणाला, "हो, पण तिसरं अंडं वाईट निघालं. मला निरोप आलाय ड्रायव्हरकडून."

तिसरं अंडं! मी थाळी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसले. मग रडले. नर्स विचारायला लागली, काय झालं? म्हटलं, माझा नवरा हुशार आहे.

म्हणजे बघा. तिकडे मी वाईट, इकडे तुम्ही वाईट, आणि हा मधे उताणा पडून छताकडे बघतोय. तुम्ही मी एकत्र आलो तर त्याचा टिकाव लागणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर ट्रक हाकलेला माणूस, दोन्ही बाजूंचा रस्ता अडवून बसला. आणि आपण तीन आठवडे एकमेकींना टोचत बसलो, इकडे पाय सडत गेला.

तुम्ही या. या आठवड्यातच या. दोघी एकदम समोर उभ्या राहिलो की कुठे पळेल?

मी जे हाडांचं लिहिलं ते फाडून टाका.

तुमची रिल्डा


शिलाँग
६ ऑक्टोबर

काँग फिदा,

तुम्ही गेलात. सकाळच्या पहिल्या बसने, चहाही न घेता. मी दोन दिवस वाट पाहिली, वाटलं तुमच्याकडून काही येईल. आलं नाही म्हणून मीच लिहिते.

त्या दिवशी जे झालं ते तुमच्यासमोरच झालं, पण मला त्याचा नीट अर्थ लागत नाही, म्हणून पुन्हा मांडते. आपण दोघी त्याच्या खाटेपाशी उभ्या राहिलो. त्याने आपल्याला एकत्र पाहिलं आणि म्हणाला, "दोन्ही घरं एक झाली? मग आता माझं काही खरं नाही." आणि इतका हसला की खोकला लागला. तुम्ही त्याला आईच्या घरच्या शिव्या दिल्यात, मी माझ्याकडच्या दिल्या. मला वाटलं, झालं, आता ऐकेल. चोरी पकडली गेली की माणूस ओशाळतो, नमतो.

तो नमला नाही. डॉक्टर आले. त्याने त्यांना आपल्यासमोर विचारलं, "विष वर चढेल, ताप येईल, मी बरळायला लागेन, मग मरेन. पाठ बरोबर आहे ना?" डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. आणि कापला तर बरीच वर्षं जगाल, हाही पाठाचाच भाग आहे." तो म्हणाला, "तोही पाठ आहे. तरी नाही. लिहून घ्या."

मग तुम्ही बोलायला तोंड उघडलंत आणि त्याने फक्त एक नाव घेतलं. "दालिन." बस, एवढंच. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही पिशवी उचललीत. रात्री माझ्या घरी जेवला नाहीत. बसमध्ये चढताना म्हणालात, "तू आहेस ना इथे."

मला परत संशयाने घेरलंय, काँग. माझा स्वभावच तसा म्हणा. दालिन म्हणजे तुमची थोरली बहीण, माझी पहिली पोर झाली त्या वर्षी वारलेली, एवढं मला ठाऊक आहे. तिचं आणि पायाचं काय? तुम्हा बहीणभावात असं काय आहे जे मला कधी सांगितलं नाही?

काल डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तो शुद्धीत आहे तोवर निर्णय त्याचा. शुद्ध गेली की मला घरच्यांना पुन्हा विचारावं लागेल. तेव्हा तुम्हाला काय हवं ते सांगू नका, त्याला काय हवं असतं ते सांगा." मी म्हटलं, जिण्यामरणाचं त्याच्या आईच्या घराला विचारायचं असतं, बायकोला नाही. ते बिचारे आसामातल्या जोरहाटचे, त्यांच्याकडे असं नसतं. म्हणाले, "इथे तर तुम्हीच दिसता."

लवकर लिहा. आज त्याला थंडी वाजून आली.

रिल्डा


लाइतरिआंग
११ ऑक्टोबर

रिल्डा,

दालिनच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले कापा, ती म्हणाली नाही. आमच्यात म्हण आहे ती तुझ्याकडेही आहेच, रोजच्या भाताला बाप, जिण्यामरणाला मामा. आमचा मोठा मामा तेव्हा हयात नव्हता, म्हणून घरातला मामा म्हणजे आमचा बाह, दादा किटबोकच. त्याने दालिनला विचारलं नाही. कापा म्हणून सांगितलं. तिला खाटेवरून उचलून नेलं तेव्हा ती माझ्या शालीला धरून "नाही, नाही" म्हणत होती. मी तिची बोटं सोडवली.

ती वाचली. पुढचा हिवाळा बघून मग गेली. तेवढ्या दिवसांत तिने बाहच्या हातून क्वाय घेतलं नाही. शेजारीपाजारी, वाटसरू, कुणीही पानसुपारी पुढे केली तर घ्यायची, त्याने पुढे केली की तोंड भिंतीकडे. तो रोज पान लावून न्यायचा, चुना जरा कमी, तिला आवडायचा तसा, आणि रोज तसंच परत आणायचा. घरात यावर कुणी बोलत नाही. म्हणून तुला सांगितलं नाही. तुझ्यापासून लपवायचं म्हणून नव्हे, आम्हीच आपापसात लपवतो.

आता त्याच्यावर मामा कोणी नाही. घराचा मामा तोच, आणि तोच नाही म्हणतो.

मला यायला जमणार नाही. तेजपत्त्याची तोडणी सुरू झाली आहे, माणसं मिळत नाहीत. बाहचा शब्द तुला ठाऊक आहे. डॉक्टर तुझ्या दाराशी आहे. पुढचं तू बघ.

फिदा


शिलाँग
२६ ऑक्टोबर

काँग फिदा,

तुमचा भाऊ देवाच्या घरी क्वाय खायला गेला त्याला आठवडा झाला. तिथे दालिनने त्याच्या हातचं घेतलं असेल अशी आशा करते.

तुम्ही त्याला न्यायला माणसं घेऊन आलात, चिता झाली, सगळं झालं, पण आपण बोललो नाही. म्हणून लिहिते. माझ्या देवळातल्या बायका कुरकुरत होत्या, मी त्यांना गप्प केलं. तुमचा माणूस तुम्हाला दिला, पायासकट दिला.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. त्याला ताप भरला, तो मला ओळखेना, कुठल्याशा घाटातल्या दरडीबद्दल बडबडत होता, "मागे घे, मागे घे," म्हणून. डॉक्टर फुकन स्वतः आले. म्हणाले, "अजूनही वेळ आहे. फार नाही, पण आहे. तुम्ही सांगा, त्याला काय हवं असतं?" नर्सने कागद पुढे धरला. माझ्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

काँग, मला तो हवा होता. एका पायाचा, बिनपायाचा, खोटारडा, कसाही. माझ्या एकटीच्या मनावर असतं तर मी त्या कागदावर नाव कोरलं असतं. पण हे बायकोचं काम नव्हे, हे लहानपणापासून आपल्या अंगात भिनलेलं आहे. मी तुमचं पत्र पर्समधून काढलं आणि तिथेच उभ्याने वाचलं. "बाहचा शब्द तुला ठाऊक आहे." मला वाटलं, हे आईच्या घरचं सांगणं आहे. तुम्ही आला नाहीत यातच मला उत्तर दिसलं. त्याला वाचवायचं असतं तर तुम्ही तेजपत्ता झाडावर सुकू दिला असतात आणि धावत आला असतात. नाही का? म्हणून मी डॉक्टरांना म्हटलं, "तो नाही म्हणतो." पेन परत दिलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. शहाणं पोर आहे ते.

हे सगळं तुमच्या घराचा मान राखायला केलं. आणि चितेपाशी तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सगळ्यांनी बघितलं तसं नव्हे. मी त्याला मारलं असावं तसं. ती नजर माझ्या डोक्यातून जात नाही. मी काय चुकले ते मला सांगा. त्या नजरेचा अर्थ कळल्याशिवाय मी तुमच्या घरी वर्षश्राद्धालाही येणार नाही.

रिल्डा


लाइतरिआंग
१ नोव्हेंबर

रिल्डा,

तेजपत्त्याची तोडणी अजूनही सुरू झालेली नाही. या वर्षी पाऊस लांबला, पानं ओली आहेत. मी खोटं लिहिलं होतं.

मी तिथे राहिले असते तर डॉक्टरने कागद माझ्यापुढे धरला असता, आणि दालिनची बोटं सोडवलेल्या हातांनी मला सही करता आली नसती. सही न करताही राहवलं नसतं. म्हणून मी पळाले. मला वाटलं, रिल्डा आमच्या घरची नाही, तिच्यावर दालिनची सावली नाही. तिला तो हवा आहे, ती कुणाला भीक घालत नाही, ती करेल सही. मग मी चारचौघांत तिला बोलेन, आमच्या मामाचा शब्द मोडलास म्हणून. काय काय बोलायचं ते मी घोळूनही ठेवलं होतं. आणि मनातून तुझे पाय धरणार होते. "पुढचं तू बघ" याचा अर्थ तो होता. तो मला कागदावर लिहिता आला नाही.

रोज बस आली की मी वळणापर्यंत जायचे. वाटायचं, आज चिठ्ठी असेल, कापला म्हणून. खालची खोली रिकामी करून घेतली होती. त्याला इथल्या पायऱ्या चढता येणार नाहीत म्हणून त्याची खाट खाली हलवली, दारापासून खाटेपर्यंत धरायला बांबू बसवला. तो बांबू अजून तिथेच आहे.

चितेपाशी मी तुझ्याकडे बघितलं, ते तू सही का केली नाहीस म्हणून.

तू चुकली नाहीस. त्याला जे हवं होतं तेच झालं, आणि डॉक्टर म्हणाला तसंच तू वागलीस. पण तुलाही तो हवा होता आणि मलाही, आणि दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघून त्याला जाऊ दिलं. इतके दिवस तू माझ्यावर जे जे संशय घेतलेस ते सगळे खोटे होते. हा एक घे, सहीचं ओझं तुझ्यावर टाकून मी पळाले हा. हा खरा आहे.

तुझी फिदा